आधी गाडी आवरा, मग तंत्रज्ञानावर विसंबा: रोजच्या सुरक्षित ड्रायव्हिंगची कामं

आजच्या गाडीला पुढचं वाहन दिसतं, लेनच्या रेषा ओळखता येतात, चालकाचे डोळे मिटू लागले तर काही गाड्यांना तेही कळतं. पण धोका ओळखल्यावर गाडी जे काही करते, ते ब्रेकच्या आणि रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार रबरी पट्ट्यांच्या भरवशावरच करते. टायर झिजलेले असतील तर स्वयंचलित ब्रेक वेळेवर लागूनही गाडी ओल्या रस्त्यावर लांबच थांबते. कॅमेऱ्यापुढची काच चिखलाने माखली असेल तर त्यामागचं महागडं सॉफ्टवेअर आंधळं असतं. म्हणून या लेखाची सुरुवात तंत्रज्ञानापासून नाही, गाडीतल्या पसाऱ्यापासून आहे.

सुट्या वस्तू

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली, तर आतली सुटी वस्तू थांबत नाही. ती त्याच वेगाने पुढे जाते आणि जे आड येईल त्यावर आदळते. एक लिटर पाण्याच्या बाटलीसाठी हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून डोक्यात पडल्यासारखा असतो. लॅपटॉप, छत्री, टूलबॉक्स, मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेलं काहीही, सगळ्यांना हाच हिशोब लागू होतो. त्यामुळे आवराआवरीचा नियम सोपा ठेवा: झाकण असलेल्या कप्प्यात, सीटच्या मागच्या खिशात किंवा डिकीत मावत नाही ते गाडीत ठेवायचं नाही.

चालकाच्या पायापाशी तर काहीच नको. गडगडत आलेली बाटली ब्रेक पेडलखाली अडकली की पेडल पूर्ण दाबलं जात नाही. मॅटचंही तसंच आहे. मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकू नका, आणि जमिनीतले हुक मॅटच्या भोकात बसलेत ना, हे धुऊन परत टाकताना बघा. सुटी मॅट हळूहळू पुढे सरकते आणि अॅक्सिलरेटर अडकवू शकते.

डिकीत जड सामान तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. मध्ये मोकळी जागा राहिली तर धडकेच्या क्षणी सामान वेग घेऊन सीटवर आदळतं. मागची सीट दुमडून परत उभी केली असेल तर ती ‘कट्’ आवाज करून बसली का ते हाताने ओढून तपासा. बऱ्याच गाड्यांत लॉकपाशी लाल खूण असते; ती दिसत असेल तर पाठ नीट अडकलेली नाही. मागे कोणी बसणार नसेल आणि डिकी जड असेल, तर मागचे पट्टे रिकाम्या सीटवर लावून ठेवा, सीटच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो.

सीटवर पिशवी ठेवली की पट्ट्याची सूचना वाजत राहते, म्हणून काही जण बकलमध्ये नुसती धातूची पट्टी खोचतात. हे अजिबात करू नका. गाडीच्या दृष्टीने त्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावलेला असतो, आणि खरंच कोणी पट्टा न लावता बसलं तरी सूचना येत नाही. एअरबॅग कशी उघडायची याचा हिशोबही त्याच माहितीवर होतो.

पॉवर बँक, लायटर आणि फवाऱ्याचे डबे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. बंद गाडीचं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप वर जातं आणि लिथियम सेलला ते सोसत नाही.

बसण्याची जागा

कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवून बसा. ब्रेक शेवटपर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मग छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा: ते किमान २५ सेंटिमीटर हवं. एअरबॅग काही मिलिसेकंदांत फुगते, आणि अगदी जवळ बसलेल्या माणसाला तिचाच मार बसतो. उंची कमी असेल तर सीट पुढे ओढण्याआधी ती वर उचलून बघा, आणि स्टिअरिंग मागेपुढे होत असेल तर ते जुळवा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा.

हेडरेस्टकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या पातळीला आणि डोक्यापासून चार बोटांहून कमी अंतरावर हवी. मागून धडक बसली की मानेला झटका बसण्यापासून वाचवणारी वस्तू तीच. मागच्या सीटवर माणसं बसणार असतील तर तिथलीही वर उचला, कारण दुमडण्याच्या सोयीसाठी ती बहुतेक वेळा खालीच राहिलेली असतात.

तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि आजही गाडीतली सगळ्यात उपयोगी सुरक्षा तीच आहे. खालचा पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. वरचा मानेपासून लांब, खांद्याच्या मध्यावरून. जाड जॅकेट घातलं असेल तर पट्टा आणि शरीर यांच्यात ढिलाई राहते, म्हणून जॅकेट उघडून पट्टा आतून घ्या. शेजारी बसलेल्याने सीट आडवी करून झोपणं धोक्याचं आहे: धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं आणि पट्टा पोटात रुततो. पाय डॅशबोर्डवर तर कधीच नकोत.

मागे तोंड असलेली बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर बसवायची नाही. आयसोफिक्सची, म्हणजे गाडीतल्या पक्क्या कड्यांना थेट अडकणारी, सीट लावताना दोन्ही बाजूंचे दर्शक हिरवे झाले का बघा आणि वरचा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय, यांपैकी जे दिलं असेल ते वापराच. ते सोडलं तर सीट पुढे झुकते.

आता आरसे. बहुतेकांच्या बाजूच्या आरशात स्वतःच्याच गाडीचं अर्धं अंग दिसत असतं. डोकं खिडकीच्या काचेजवळ नेऊन त्या बाजूचा आरसा असा फिरवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्याकडे झुकवून दुसऱ्या बाजूचा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर गाडी आरशात दिसणार नाही. पहिले काही दिवस हे विचित्र वाटतं, पण न दिसणारी जागा बरीच कमी होते. तरी लेन बदलताना खांद्यावरून एक नजर टाकावीच.

टायर

हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली असताना. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात: थोड्या माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी एक. लांबच्या प्रवासाला भरल्या गाडीने निघताना दुसरा वापरा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो, त्यामुळे ऋतू बदलताना हमखास तपासा. गरम टायरमधली वाढलेली हवा मात्र काढू नका. थंड झाल्यावर ती कमी पडते.

‘माझ्या गाडीत हवेचा सेन्सर आहे’ हे पुरेसं नाही. अमेरिकेच्या नियमात हवा कमी झाल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर लागावा असं आहे. म्हणजे ३२ पीएसआयच्या टायरमध्ये २४ उरेपर्यंत दिवा शांत राहू शकतो. काही गाड्यांत प्रत्यक्ष दाब मोजणारा सेन्सर चाकातच असतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते. काही गाड्यांत असा सेन्सर नसतोच. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, मदतीने कुठलं चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतंय हे बघून अंदाज केला जातो. या दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर मेनूत जाऊन नवा दाब नोंदवावा लागतो. चारही टायर सारखेच हळूहळू उतरले तर ही पद्धत चुकू शकते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड बहुधा टायरमध्ये नसून सेन्सरमध्ये आहे.

टायरचं वय त्याच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवे’ म्हणून घेतलेले टायरही बघून घ्या. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर पकड त्याच्या आधीच घसरलेली असते, म्हणून ३ मिलिमीटरला बदलण्याचा विचार सुरू करावा.

झीज कुठे झालीये यावरून कारण कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहत होती, मध्यभाग झिजला तर जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलं आहे. खालीवर अशी लाटेसारखी झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासून घ्या. नुसते टायर बदलले तर नवेही तसेच झिजतील.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं सरावलेल्या हातालाही कठीण जातं.

स्टेपनीतली हवाही महिन्यातून एकदा बघा. अरुंद, तात्पुरत्या चाकाला साधारण ६० पीएसआय लागतात आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. गाडीत स्टेपनीऐवजी पंक्चरचं द्रव्य आणि छोटा पंप दिला असेल तर बाटलीवरची मुदत वाचा. टायरच्या बाजूला चीर पडली असेल तर त्या द्रव्याचा उपयोग नाही. आणि एक गोष्ट आजच शोधून ठेवा: चाकाला चोरी टाळण्यासाठीचे खास नट असतील तर ते उघडणारा छोटा अडॅप्टर. तो नसेल तर जॅक, पाना आणि स्टेपनी असूनही चाक निघत नाही.

ब्रेक

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. डीओटी ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला असू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की तेलात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून गाडी कमी चालली असली तरी, गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलेलं नसेल तर, दर दोन वर्षांनी हे तेल बदला, आणि उतारावर खालचा गिअर वापरा.

एबीएस १९७८ पासून गाड्यांत येऊ लागलं, तरी पाय थरथरला की घाबरून पेडल सोडणारे आजही भेटतात. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. पेडल पूर्ण जोराने दाबून ठेवा आणि जिकडे मोकळी जागा आहे तिकडे स्टिअरिंग वळवा. चाकं जाम होत नाहीत म्हणूनच गाडी वळते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत मोटर गाडीचा वेग कमी करत असल्याने डिस्कवर गंज चढतो. मागे कोणी नसताना अधूनमधून नेहमीच्या ब्रेकने जरा जोरात थांबा, म्हणजे डिस्क साफ राहतात.

काच आणि दिवे

काच आतूनही पुसा. प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफांचा थर आतल्या बाजूला साचतो आणि रात्री समोरच्या दिव्यांत तो पसरट चमकतो. काचेवर धुकं धरलं तर एसी चालू, तापमान वाढवलेलं, हवेचा झोत काचेकडे आणि आतली हवा फिरवण्याचं बटण बंद. एसी हवा कोरडी करतो, म्हणून थंडीतही तो चालू हवा.

दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे फसवे ठरू शकतात. अनेक गाड्यांत तेव्हा मागचे दिवे लागलेले नसतात, पण डॅशबोर्ड उजळलेला असल्याने चालकाला वाटतं सगळं चालू आहे. ‘ऑटो’वर ठेवलेला सेन्सर अंधार ओळखतो, दिवसाचं धुकं त्याला उजेडच वाटतं. धुक्यात, पावसात आणि संधिप्रकाशात दिव्याचं बटण हाताने फिरवा. डिकी भरलेली असताना गाडीचं नाक वर उठतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्यासाठी ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक दिलेलं असेल तर ते वापरा. आकडा जितका मोठा तितका झोत खाली.

स्क्रीन आणि फोन

ताशी ८० किलोमीटरला दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. पत्ता, गाणी, एसीचं तापमान हे सगळं गाडी हलण्याआधी लावायचं. नकाशा आधीच डाउनलोड करा, फोनवर ड्रायव्हिंग मोड लावा आणि ज्या दोन-तीन गोष्टी वाटेत बदलाव्या लागतात त्या स्टिअरिंगवरच्या बटणांवर किंवा आवाजाच्या आज्ञेवर आणा. वायपर, मागची काच साफ करणं आणि चारही इंडिकेटर लावणं हे न बघता जमलं पाहिजे. नव्या किंवा उसन्या गाडीत बसल्यावर उभ्या गाडीतच तीनदा करून बघा. फोनचा स्टँड एअरबॅगच्या झाकणावर किंवा ती फुगण्याच्या वाटेत नको.

मदतनीस यंत्रणा कुठे कमी पडतात

या यंत्रणा चांगल्या आहेत आणि त्या बंद करून ठेवणं चूक आहे. पण त्यांच्या मर्यादा नेमक्या माहीत हव्यात.

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल चालणाऱ्या वाहनांमागे उत्तम काम करतो. वेगात असताना रस्त्यावर उभी असलेली गाडी मात्र तो सोडून देऊ शकतो. रडारला पूल, पाट्या, कठडे अशा हजार स्थिर गोष्टी दिसतात. प्रत्येकीला घाबरून ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंकडे बरंचसं दुर्लक्ष केलेलं असतं. पुढची गाडी अचानक बाजूला झाली आणि तिच्यापुढे बंद पडलेला ट्रक निघाला, हा सर्वात वाईट प्रसंग. अशा वेळी ब्रेक तुमचा पायच लावणार आहे, हे धरून चाला.

लेनमध्ये ठेवणाऱ्या यंत्रणेला पुसट रेषा, डांबराचे चकाकणारे सांधे, मुसळधार पाऊस आणि समोरून येणारं ऊन यांचा त्रास होतो. न दिसणाऱ्या जागेचा इशारा देणारा दिवा खूप वेगाने मागून येणाऱ्या वाहनासाठी उशिरा लागू शकतो. पार्किंगचे सेन्सर बारीक खांब आणि बुटके दगड चुकवतात. स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळणाऱ्या यंत्रणा स्वयंचलनाच्या पातळ्यांपैकी सर्वसाधारणपणे ‘लेव्हल २’ मध्ये मोडतात, आणि त्यात लक्ष ठेवण्याची पूर्ण जबाबदारी चालकाची असते.

त्यांची देखभाल सोपी आहे. वरच्या आरशामागचा कॅमेरा जिथून बघतो त्या काचेवर स्टिकर नको, आरशाला लोंबतं काही नको. तेवढा भाग वायपर पुसतात, म्हणून वायपर रेघा ओढू लागले की बदला. रडार पुढच्या जाळीत किंवा बोधचिन्हामागे असतं; तिथला चिखल पुसा, वर सजावटीची पट्टी चिकटवू नका. पुढची काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि बंपर काढून बसवला किंवा रंगवला तर रडारही. काम देतानाच हे विचारा आणि झाल्याची लेखी नोंद घ्या, कारण किंचित तिरका कॅमेरा दिवा न लावता चुकीचं बघू शकतो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर सेटिंगचा मेनू एकदा उघडून बघा. एखादी यंत्रणा बंद होऊन बसलेली असू शकते.

छोटी बॅटरी, चावी आणि दिवे

इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा बहुधा वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की दारं, स्क्रीन, सगळं ठप्प होतं. एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध सूचना झळकू लागल्या तर आधी हीच तपासा. पारंपरिक लेड-अॅसिड बॅटरीत रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास ठीक, १२.२ ला ती जवळपास अर्धी उतरलेली असते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत एजीएम किंवा ईएफबी प्रकारची बॅटरी असते. बदलताना तोच प्रकार घ्या. उभ्या गाडीतही चालू राहणारा डॅशकॅम लावला असेल तर व्होल्टेज उतरल्यावर तो बंद होण्याची सोय करून घ्या.

चावीतला सेल मेला तर चावी स्टार्टच्या बटणाला किंवा पुस्तकात दाखवलेल्या खुणेला टेकवून गाडी सुरू होते, आणि तिच्या पोटात दार उघडायची धातूची चावी लपलेली असते. ती कशी निघते ते घरी बघून ठेवा. चालत्या गाडीत इंजिन बंद करायची वेळ आली तर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. एकदा दाबून काही होत नाही. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं बटण ओढून धरलं तर गाडी नियंत्रितपणे थांबते. दोन्ही गोष्टी आपल्या गाडीच्या पुस्तकात वाचा.

लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा बघून लगेच थांबा. तेलाच्या दाबाचा असेल तर इंजिनही ताबडतोब बंद. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. वेग आणि भार कमी करा, नाहीतर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

रस्त्यात थांबावं लागलं तर

परावर्तक जॅकेट डिकीत नाही, हाताला येईल असं आत ठेवा, कारण ते उतरण्याआधी घालायचं असतं. जितकी माणसं तितकी जॅकेट. त्रिकोण, टॉर्च, हातमोजे आणि ओढून नेण्याचा हुक एकाच पिशवीत बांधून डिकीत ठेवा. वेगवान रस्त्यावर गाडीत बसून राहू नका. रहदारीपासून लांबच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे जा आणि मग फोन करा.

काच फोडायची हातोडी घेतली असेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. टेम्पर्ड (कडक केलेली) काच तिने फुटते, लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) फुटत नाही. काही नव्या गाड्यांत पुढच्या दारांना लॅमिनेटेड काच असते आणि मागच्या दारांना टेम्पर्ड. अशा गाडीत हातोडी कुठल्या खिडकीवर मारायची हे सगळ्या प्रवाशांना आधीच सांगून ठेवा, आणि ती चालकाचा पट्टा लावलेला असतानाही हाताला येईल अशी अडकवा.